आमचे दाजी उगंच हैदराबादला गेले

आमच्या दाजींइतका खरं बोलणारा माणूस उभ्या लोहारा तालुक्यात आजवर झालेला नाही, आणि तालुक्याचं नशीब बरं असेल तर पुन्हा होणारही नाही. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुरेखाचे, यजमान. तुम्ही-आम्ही गरज पडली तर खरं बोलतो, सोय असली तर खोटं बोलतो आणि एरवी दोन्हींच्या मधून वाट काढत संसार रेटतो. दाजींना ती मधली वाट कुणी दाखवलीच नाही. त्यांना काही विचारलं की ते सांगतात. पुष्कळदा न विचारताही सांगतात, कारण माहीत असून गप्प बसणं हेसुद्धा त्यांच्या मते खोट्यातच जमा होतं.

ते सुरेखाला बघायला आले तेव्हाच आम्हाला याची चुणूक मिळाली होती. अशा कार्यक्रमात मुलानं खाली मान घालून पोहे खायचे आणि बोलायचं काम मामानं करायचं, अशी आमच्याकडची रीत. मामांनी छान सुरुवात केली होती. विहीर बारमाही आहे, असं त्यांनी वडिलांना सांगितलं आणि दाजींनी मान वर केली. "संक्रांतीला आटती ती. मामानं उन्हाळ्यात कधी बघितलेली न्हाय." मामांच्या हातातला चमचा तसाच राहिला. दाजी पुढं म्हणाले, "आनिक एक सांगतो. म्या घोरतो. लई घोरतो. आमच्या बाईला इचारा." बाई म्हणजे त्यांच्या आई. त्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि शांतपणे "व्हय" म्हणाल्या. मग दाजींनी पोहे खारट झाल्याचंही सांगून टाकलं. आत दाराआड उभ्या असलेल्या सुरेखानं ते ऐकलं. आमच्या वडिलांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेलेली. इतकं खरं एका बैठकीत ऐकायची त्यांना सवय नव्हती. चहा यायच्या आधीच त्यांनी होकार देऊन टाकला, आणि रात्री आईला म्हणाले, "पोरगी इथं दिली तर तिकडची बातमी तरी आपल्याला खरी कळत जाईल."

लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा करवल्यांनी दाजींना एक चांगलासा उखाणा पढवून ठेवला होता. "चांदीच्या वाटीत" एवढं म्हणून दाजी थांबले. लोकांना वाटलं, विसरले. विसरले नव्हते. "चांदीची वाटी आमच्या घरात न्हाय. स्टीलच्या हायत," असा त्यांनी भर मांडवात खुलासा केला आणि यमक जुळेना तरी स्टीलच्याच वाटीत नाव घेतलं. मांडव खो खो हसला. सुरेखा मात्र तेव्हा हसली नव्हती. ती त्यांच्याकडं नीट बघत होती, एवढं मला आठवतंय.

लोहाऱ्याच्या बाजारगल्लीत दाजींचं साड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. साडी विकायची म्हणजे चार शब्द वाढवून बोलावं लागतं, हे व्यापारातलं पहिलं पाऊल, आणि ते दाजींनी अजून टाकलेलं नाही. गिऱ्हाईक बाईनं एखादा गडद लाल रंग हातात घेतला की दाजी तोंड पाडून म्हणतात, "रंग जातो बरं का मावशी. लई जातो. एका धुण्यात मालकाची बनियनं गुलाबी करंल." एखादीनं पिवळी साडी अंगावर धरून "कशी दिसते?" विचारलं तर "पिवळं तुमाला न्हाय शोभत, वैनी" असं ते हात जोडून सांगतात. दुसऱ्याचं दुकान या धोरणावर महिन्याभरात बसलं असतं. दाजींचं चाललं. गुलबर्ग्याकडच्या बायकासुद्धा लग्नाचा बस्ता बांधायला त्यांच्याकडं येतात, कारण दाजींनी "बरी हाय" म्हटलेली साडी आईनंतर मुलगी नेसते आणि मुलीनंतर तिची मुलगी नेसते. जेवणावळीत मात्र त्यांना कुणी "जेवण कसं झालं?" म्हणून विचारत नाही. उलट यजमान त्यांना लांबूनच नमस्कार करून दुसऱ्या पंगतीकडं निघून जातात.

आणि दाजींची गवाही! बांधाचं भांडण असो, भावाभावातली वाटणी असो, म्हैस कुणाच्या शेतात शिरली याचा वाद असो, गावानं आधी दाजींना बोलवायचं. दाजी येऊन उभे राहायचे, दिसलं तेवढं सांगायचे, आणि भांडण मिटायचं. "दाजी म्हणले का? मग झालं," असं म्हणून अट्टल भांडखोरही चपला घालायचे. गावात ते सगळ्यांचेच दाजी झाले होते. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. परी आता तीन वर्षांची आहे. ती झाल्यावर मागची-पुढची सगळीच दारं कायमची उघडी पडली. आधी दुकानात आलेली एखादी बाई पाणी मागायला घरात यायची, आता परीला बघायला यायची आणि जेवून जायची. मागच्या हिवाळ्यात सुरेखाचा मला फोन आला. मी उमरग्याला असतो, शाळेत शिकवतो. ती म्हणाली, "दादा, दोन दिवस आमी दोघंच कुठंतरी जावं म्हणते. लेकराला बाई सांभाळतो म्हणल्यात. बघायचं कायबी न्हाय मला. ह्यांच्याशी एकदा निवांत बोलायचंय. इतक्या वर्षांत आमचं एक बोलणं पुरं झालं न्हाय बघ. अर्ध्यात आलं की कुणीतरी अस्तर मागतंय." ती हसत बोलत होती, पण मला वाईट वाटलं. आमची ही पोरगी कधी काही मागणाऱ्यांतली नाही. मी म्हणालो, आता मागं बघू नकोस, जा. उमरग्याहून हैदराबादची बस मिळते, म्हणून हैदराबाद ठरलं. शनिवारी जायचं, रविवारी रात्री परत यायचं.

दाजी तर एका पायावर तयार होते. अडचण पुढं होती. मी त्यांना फोनवर समजावलं, "दाजी, कुणी विचारलं तर दुकानाच्या खरेदीला चाललो म्हणून सांगा."

"पन खरेदी न्हाय की, पाव्हणं."

"मग देवाला चाललो म्हणा."

"देव वाटंत न्हाय."

"मग काय सांगणार आहात?"

"उगंच चाललाव म्हणून सांगतो. उगंच तर चाललाव."

आता आमच्या भागात माणूस गाव सोडतो तो लग्नासाठी, मयतीसाठी, कोर्टासाठी, देवासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. नवरा-बायको तीन वर्षांचं लेकरू घरी ठेवून उगंच कुठं जातात, हे अजून कुणी ऐकलेलं नाही. त्यातून दवाखान्याच्याही आमच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. काटा मोडला तर लोहारा, ताप हटेना तर उमरगा, उमरग्यानं मान हलवली तर सोलापूर. हैदराबादचं नाव निघालं की बायका डोळ्याला पदर लावतात, कारण हैदराबाद म्हणजे सोलापूरनं हात टेकले. शनिवारी सकाळी दाजींनी एक बॅग घेतली, दुकानाला कुलूप लावलं आणि स्टँडवर जाईपर्यंत जो भेटला त्याला "हैदराबादला. उगंच." असं सांगत गेले. मागं गल्ली सुन्न झाली. आणि मग गल्लीनं विचार केला. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. उगंच कुणी हैदराबादला जात नाही. म्हणजे आज हा माणूस खोटं बोलला. ज्या दुखण्यानं दाजींना खोटं बोलायला लावलं ते दुखणं केवढं असेल! दुपारपर्यंत सुरेखाला असाध्य आजार झाला होता. मला दोन ठिकाणांहून त्याचे फोनही आले.

बायका बाईंजवळ येऊन बसू लागल्या. बाई म्हणायच्या, "अगं, फिराया गेलेत." बायका एकमेकींकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "म्हातारीला सांगितलंच न्हाय वाटतं." प्रत्येकीनं परीसाठी बिस्किटाचा पुडा आणला होता. संध्याकाळपर्यंत परीनं त्या पुड्यांचं दुकान मांडलं आणि आलेल्या बायकांना "रंग जातो बलं का" म्हणून ते विकायला सुरुवात केली. पोरीचा तो खेळ बघून बायकांना आणखीनच भरून यायचं.

गल्लीनं दाजींना फोनही केले. फोन बंद ठेवा म्हणून सुरेखानं सांगितलं होतं, पण चालू असलेला फोन बंद आहे असं फोन कंपनीच्या बाईच्या आवाजात लोकांना ऐकवायचं, हे दाजींना पटेना. त्यांनी प्रत्येक फोन उचलला आणि प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं. वैनी कशा हायत? "आडवी झालीय." दोघं तेव्हा एका बागेत हिरवळीवर होते. काही खाल्लं का त्यांनी? "न्हाय. नको म्हणाली." नुकतीच दोघांनी भरपेट बिर्याणी खाल्ली होती, आणि प्रश्न त्यानंतरच्या आइस्क्रीमचा आहे असं दाजींना वाटलं. बोलतेत का? "आता न्हाय बोलत." हेही खरंच होतं. इतके फोन घेतल्यावर कुठली बायको बोलेल?

रविवारी भल्या पहाटे माझ्या दारात क्रूझर गाडी येऊन उभी राहिली. पुढं दाजींचे मामा, तेच बारमाही विहिरीवाले. मागं मामी आणि गल्लीतली सात-आठ माणसं. गाडीत भाकरीची गाठोडी होती, दह्याचं गाडगं होतं, घोंगड्या होत्या, तुळजापूरच्या देवीचा अंगारा होता आणि एक पैलवान होता. रक्त लागलं तर म्हणून पैलवानाला घेतलं होतं. त्याचा रक्तगट कुणाला माहीत नव्हता, पण रक्त भरपूर असणार याबद्दल गाडीत एकमत होतं. मी हात जोडून सांगितलं, मामा, सुरेखानं मला स्वतः सांगितलंय, ते दोघं फिरायला गेलेत. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भावाला कशी सांगंल ती? चला, बसा गाडीत. सख्खा भाऊ मागं राहिला तर दुनिया काय म्हणंल?" मी बसलो. वाटेत सगळे सुरेखाच्या आठवणी काढू लागले. तिच्या हातची शेंगाची चटणी, तिचा स्वभाव. मला सगळं खरं माहीत होतं, तरी जहीराबाद यायच्या आत माझे डोळे भरून आले. असल्या गाडीत बसल्यावर कुणाचेही आले असते.

हॉटेलचं नाव दाजींनीच फोनवर विनातक्रार सांगितलेलं होतं. पांढरे कपडे घातलेला माणूस, पुसून चकचकीत केलेली फरशी, लिफ्ट. मामा माझ्या कानात म्हणाले, "बघा, आतून दवाखानाच हाय." दार दाजींनी उघडलं. सुरेखा खिडकीत बसली होती. न्हालेली, केस मोकळे सोडलेले, पाय वर घेतलेले. तिला मी अशी निवांत लग्नाआधी कधीतरी बघितली असेल. ती दाजींना काहीतरी सांगत होती, आणि हात हवेत तसाच ठेवून आमच्याकडं बघत राहिली. "माझे बाई!" करून मामींनी तिला मिठी मारली आणि कपाळभर अंगारा फासला. पैलवान पलंगावर बसून बाही वर सारू लागला. बाकीचे मिळेल तिथं टेकले. सुरेखानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी गाडग्यातल्या दह्याकडं बघितलं.

मग ती उठली, आणि तिनं केस बांधले. एवढी माणसं दारात आल्यावर ती दुसरं काय करणार? टेबलावर चहाची छोटी किटली होती, दोन कप होते. "बसा, चहा ठेवते," म्हणाली. दोन-दोन कप करून, विसळून, पुन्हा भरून ती अख्ख्या क्रूझरला चहा देऊ लागली. "सुरेखा, साखर जरा." "वैनी, पाणी." मामांचा पुढचा बेत ठरला होता. रात्री सगळ्यांनी इथंच पसरायचं, सकाळी हिला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं आणि मग मिळून गावाकडं जायचं. दाजी म्हणाले, "मामा, खरं सांगतो, हिला कायबी झालेलं न्हाय. आमी उगंच आलाव." मामांनी डोळे पुसले. "तुज्यावर काय पाळी आली रं बाबा."

दाजी सुरेखाकडं बघत होते. ती खाली वाकून कप विसळत होती, आमच्याकडं पाठ करून. तिनं एकदा दंडानं कपाळावरचा अंगारा पुसला. दाजींचे कान लाल झाले. त्यांनी कपाटाला हात टेकला, घसा खाकरला, आणि मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो म्हणून सांगतो, तो माणूस घामानं भिजला होता.

"मामा, डॉक्टरनं हिच्याजवळ कुणी थांबायचं न्हाय म्हणलंय."

सुरेखाच्या हातातला कप खाली पडला. मामा म्हणाले, "बघा, म्हणलं नव्हतं मी? काय झालंय?"

"नाव सांगाय बंदी हाय."

"लागट हाय का?"

ज्याला खोट्याची सवय नाही त्याला खोटं किती टाकावं याचाही अंदाज नसतो. "लागट हाय," दाजी म्हणाले. "लई लागट. भाकरीतनं लागतं, घोंगडीतनं लागतं. नुसतं बघूनबी लागतं. अन् अंगानं मोठा असंल त्याला आधी लागतं."

पैलवान लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेला. त्याच्यामागं गल्ली गेली. मामींनी दारातूनच हात जोडले. "आन् लेकरू?" मामांनी जिन्यावरून विचारलं. "लेकरू ठणठणीत हाय!" दाजी इतक्या जोरात ओरडले की मजल्यावरची दोन दारं उघडली. एवढं एक वाक्य तरी खरं बोलायला मिळालं म्हणून ते ओरडले असावेत. मी शेवटी निघालो. दाजी कपाटाला धरून थरथर कापत होते, आणि सुरेखानं त्यांचा दुसरा हात धरला होता.

परतताना क्रूझर एका ढाब्यावर थांबवून सगळ्यांनी मोटारी धुवायच्या नळीखाली आंघोळी केल्या. मलाही करायला लावली. पैलवान उमरग्यापर्यंत स्वतःची नाडी धरून बसला होता.

रात्री दाजी घरी पोचले तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बाई, म्या खोटं बोललो." बाईंनी विचारलं, "कुणापायी?" त्यांनी सुरेखाकडं बोट दाखवलं. "मग हातपाय धू अन् जेवाय बस," बाई म्हणाल्या. दाजींना मात्र जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घरोघर जाऊन सांगून आले की हिला काही झालेलं नाही, मी खोटं बोललो. लोकांनी दाराच्या आतूनच ऐकून घेतलं आणि आजार लपवायला दाजी आता रोजच खोटं बोलायला लागले, असं ठरवलं. पुढं सुरेखा धडधाकट फिरताना दिसल्यावर लोकांची भीती गेली, ती हैदराबादच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून. गल्लीतले दोन पेशंट आता तो डॉक्टर शोधत हैदराबादला जाऊन आलेत.

दुकान चालू आहे. पण रंग जातो म्हटल्यावर बायका आता शेजारणीकडं बघून खात्री करून घेतात. उन्हाळ्यात बांधाचं एक भांडण झालं आणि लोक सवयीनं दाजींना बोलवायला आले. दाजी गेले नाहीत. "म्या आता खोटं बोललेला माणूस हाय. दुसरं कुणीतरी बघा," म्हणाले, आणि साड्यांच्या घड्या घालत बसले. मोजणीवाले आणावे लागले. मला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. त्या माणसाजवळ दुसरं काय होतं मिरवायला? मी त्यांना विचारलं, दाजी, पस्तावा होतो का? दुसऱ्या कुणी "छे छे" म्हटलं असतं. दाजी म्हणाले, "व्हय, होतो की."

पंचमीला सुरेखा परीला घेऊन आमच्याकडं आली होती. परी अंगणात झोक्यावर होती आणि आम्ही दोघं ओट्यावर शेंगा फोडत होतो. मी विचारलं, "मग त्या दिवशी आम्ही गेल्यावर तुमचं निवांत बोलणं झालं का?"

"कुठलं रे! ह्यांना थंडीच वाजून आली. अंगावर पांघरूण घालून निजवलं. उठले ते उन्हं उतरल्यावर. मग तलावाच्या काठी जाऊन बसलाव, बसची वेळ होईपर्यंत." तिनं पुढची शेंग उचलली. "तिथं हे माझ्याकडं लई वेळ बघत होते. मग म्हणाले, तू आज लई देखणी दिसायलीस."

"दाजी म्हणाले?"

"व्हय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं, दादा, काय सांगू. अन् मग ध्यानात आलं की ह्यांनी त्याच दिवशी खोटं बोलायला सुरुवात केलीय." ती हसली, पण हातातली शेंग तशीच होती. "तवापासनं ठरवायलेय, ते खरं होतं का खोटं."

"मग विचार की त्यांना," मी म्हणालो.

सुरेखानं शेंग फोडली, दाणे परीच्या वाटीत टाकले आणि मान हलवली.

"न्हाय रे. विचारलं तर खरं सांगतील."